पायाखाली वीज, अंगावर पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा जावई गेल्या महिन्यात इंग्लंडहून आला, तो चॉकलेटांबरोबर एक चटई घेऊन. गुंडाळी उलगडली तर अर्धा मीटर रुंद, दोन मीटर लांब अशी जाळी आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी चिकटवलेली बारीक वायर. बाथरूमच्या लादीखाली ही अंथरायची, वरून टाइल्स बसवायच्या आणि बटण दाबलं की फरशी कोमट. काकू चौऱ्याहत्तरच्या. गुडघे कुरकुरतात, आणि जानेवारीत पहाटे उठलं की लादी पायाला चावते ही त्यांची जुनी तक्रार. बाथरूम नव्याने करायला काढलेलंच होतं. "लादीवाला सोमवारी येतोय," काकू म्हणाल्या. "तुम्ही वायरिंगमधले ना, एकदा बघून जा. करंट नाही ना मारणार?"

याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही. चहाचे दोन कप झाले, विजेच्या पेटीचं झाकण उघडून झालं, गिझरचा प्लग काढून झाला. बोलता बोलता लक्षात आलं की चटईबद्दल जे सांगायचं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांच्या जुन्या गिझरलाही लागू पडतंय. ज्यांच्या घरी अशी चटई कधी येणार नाही त्यांच्या बाथरूममध्येही गिझर असतोच, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ही चटई करते काय?

इस्त्री किंवा टोस्टर जे करतो तेच, फक्त फार हळू. तारेतून वीज जाते, तार विरोध करते, तापते. काकूंच्या चटईच्या लेबलवर १५० वॅट लिहिलं होतं. साधी इस्त्री हजार वॅटची असते, म्हणजे तिच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी उष्णता एक चौरस मीटरभर पसरलेली. तिच्यावर पापड भाजणार नाही. टाइल २७-२८ अंशांपर्यंत गेली की पायाला बरं वाटतं. युरोपातल्या मानकात बाथरूमच्या फरशीला ३३ अंशांची वरची मर्यादा आहे.

वायर बारीक दिसली तरी आत बरंच काही असतं. मधोमध तापणारी तार, तिच्यावर इन्सुलेशन, त्याच्यावर धातूचं विणलेलं कवच आणि सगळ्यात बाहेर प्लास्टिकचं आवरण. हे धातूचं कवच लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. एका टोकाला न तापणारी साधी वायर जोडलेली असते, ती भिंतीतून वर थर्मोस्टॅटपर्यंत जाते. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेलं तापमान आलं की वीज बंद करणारा आणि लादी गार झाली की पुन्हा चालू करणारा स्विच. लादी किती तापली हे त्याला कळावं म्हणून एक सेन्सर फरशीतच पुरलेला असतो.

इंग्लंडची वस्तू इथे चालेल का, हा काकांचा प्रश्न. चालेल. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, इथेही तेच. अमेरिकेतून आलेली १२० व्होल्टची चटई मात्र इथे लावलीत तर ती ठरल्यापेक्षा साडेतीन पटीहून जास्त तापेल आणि लादीखालीच जळेल. लेबल वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कल्पना नवी नाही. कोरियात घराच्या जमिनीखालून चुलीचा गरम धूर फिरवून फरशी तापवण्याची ओंडोल नावाची जुनी पद्धत आहे, रोमन लोकांच्या स्नानगृहांतही फरशीखाली गरम हवा खेळवत. त्या बिचाऱ्यांना धुराची काळजी असायची, शॉकची नाही.

आणि मुंबईत याची गरज? माझं मत विचाराल तर नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. एरवी जानेवारीतली पहाट १६-१७ अंशांची. लादी गार वाटते कारण ती पायातली उष्णता झपकन ओढून घेते; तिच्याशेजारचं पायपुसणं तितक्याच तापमानाला असून ऊबदार वाटतं. रबरी सपातांनी काम भागतं, असं मी काकूंना म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. जावयाने आणलेली वस्तू आहे शेवटी.

चार फुटांचं बाथरूम

ही चटई ज्या बाथरूमसाठी बनली ते बाथरूम आणि आपलं बाथरूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडे एका कोपऱ्यात टब किंवा काचेमागचा शॉवर आणि बाकीची खोली कोरडी. आपलं बाथरूम म्हणजे दार लावलेली मोरी. बादली, मग, खाली बसून आंघोळ, कपडे भिजवणं, वर फरशीवर पाणी ओतून खराट्याने घासणं. कोरडा कोपरा असतो तो फक्त छताजवळ.

विजेच्या नियमांना या फरकाशी देणंघेणं आहे. बाथरूमसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक खोलीचे पट्टे पाडतं. जिथे पाणी साठतं तो शून्य पट्टा. त्याच्या वर आणि भोवती, सव्वादोन मीटर उंचीपर्यंत, पहिला पट्टा. त्याच्या पलीकडे आणखी ६० सेंटिमीटर दुसरा. जितकं पाण्याजवळ तितकी बंधनं कडक. टब किंवा ट्रे नसलेल्या शॉवरसाठी पहिला पट्टा धरतात पाणी जिथून पडतं तिथपासून १.२ मीटर. आता १.२ मीटर म्हणजे किती? चार फूट. मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटमधल्या बाथरूमची एक बाजू नेमकी तेवढीच असते. चार बाय सहाच्या खोलीत शॉवरभोवती हा पट्टा आखायला गेलात तर समोरच्या भिंतीला जाऊन टेकता आणि लांबीच्या बाजूला जेमतेम दोन फूट उरतात, तेही ओलेच. कोरडं असं काही शिल्लकच राहत नाही.

म्हणून पहिला निकाल सोपा: थर्मोस्टॅट बाथरूमच्या आत नको. तो दाराबाहेर, पॅसेजच्या भिंतीवर. गिझरचं बटणही तिथेच. इंग्लंडमध्ये बाथरूममधला दिवा छतापासून लोंबणाऱ्या दोरीने लावतात तो याच कारणासाठी, ओला हात बटणाला लागूच नये. आपल्याकडे मात्र आरशाशेजारी प्लग पॉइंट, त्यात लटकलेला ट्रिमर आणि खाली बेसिन, हे चित्र मी आठवड्यातून दोनदा पाहतो.

शॉक म्हणजे नेमकं किती?

इथे थोडे आकडे लागतील, पण एवढेच. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात, त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलीअँपिअर. अंगातून एक मिलीअँपिअर गेला तर झिणझिण्या येतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात, धरलेली वस्तू सुटत नाही. "करंटने धरून ठेवलं" असं लोक म्हणतात ते हेच. तीसच्या पुढे प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

कोरड्या कातडीचा विरोध भरपूर असतो. अंग ओलं, पाय अनवाणी आणि पायाखाली पाणी असेल तर तो हजार ओहमच्या घरात उतरतो; ओहम हे विरोध मोजायचं माप. २३० व्होल्ट भागिले हजार ओहम, उत्तर २३० मिलीअँपिअर. धोका तीसपाशी सुरू होतो आणि आंघोळ करणाऱ्या माणसाच्या अंगातून त्याच्या सातपटीहून जास्त प्रवाह जाऊ शकतो. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा शॉक बसून "काही नाही हो, जरासा झटका" म्हणणारा माणूस बाथरूममधून तितका सहज बाहेर येत नाही तो यामुळे.

"पण आमच्याकडे एमसीबी आहेत की!"

काकांनी अभिमानाने डीबी दाखवला. डीबी म्हणजे दारामागची ती बटणांची पेटी, जिथून घरभर वायरी फुटतात. त्यात एमसीबी ओळीने होते. पूर्वीच्या चिनी मातीच्या फ्यूजच्या जागी आलेला हा स्विच: ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह गेला की पडतो. गिझरच्या लाइनवर तो बहुधा १६ अँपिअरचा असतो.

आता वरचा आकडा शेजारी ठेवा. माणसाला धोका ३० मिलीअँपिअरला, एमसीबीची क्षमता १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. तुमच्या अंगातून २३० मिलीअँपिअर जात असताना एमसीबीच्या दृष्टीने घरात दोन ट्यूबलाइट जास्त लागल्यात, एवढंच घडलेलं असतं. तो पडणार नाही. त्याला नेमलंय वायर जळू नये म्हणून; तुमच्यासाठी नाही.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. जुने लोक याला ईएलसीबी म्हणतात, दुकानातही तेच नाव चालतं. दिसायला एमसीबीचाच थोराड भाऊ, फक्त अंगावर एक छोटं बटण, त्यावर इंग्रजी टी. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी मोजून देणारा माणूस आठवा. सकाळी पन्नास ताटं दिली, रात्री पन्नास परत आली पाहिजेत. कोणी काय खाल्लं, पंगतीत किती गोंधळ झाला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एकोणपन्नास आली की तो टेम्पो सुटू देत नाही. आरसीसीबी फेजच्या वायरने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. दोन्ही सारखे तर ठीक. फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत गेला की, म्हणजे वीज भलत्या वाटेने, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, जमिनीत चाललीय असं दिसलं की सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडतो.

अंगावर ३० एमए, म्हणजे मिलीअँपिअर, लिहिलेलाच घ्या. १०० किंवा ३०० लिहिलेले असतात, ते आग लागू नये यासाठी बरे, माणसासाठी नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलीअँपिअरचीच मर्यादा आहे. एक मात्र समजून असा: कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर ताटांचा हिशेब बरोबर लागतो, आणि आरसीसीबी स्वस्थ बसतो.

काकूंच्या डीबीत आरसीसीबी होता. ३० एमएचाच, नामांकित कंपनीचा, दहा वर्षांपूर्वी हॉलचं वायरिंग बदललं तेव्हा बसवलेला. ते टीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. दाबलं की आतल्या आत मुद्दाम थोडा प्रवाह चुकवला जातो आणि यंत्र पडतंय का ते कळतं. मी विचारलं, कधी दाबलंय? काकू म्हणाल्या, "ते दाबायचं असतं?" मी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा, जोर लावून. पंखा फिरत राहिला, टीव्हीवरची मालिका चालू राहिली. दहा वर्षं न हलल्याने आतली यंत्रणा जाम झाली होती. पहारेकरी होता, पण झोपलेला.

तुम्हीही आत्ता उठून दाबून या. लाइट गेले तर चांगली बातमी, खटका वर करा. नाही गेले तर इलेक्ट्रिशियनला आजच फोन करा.

अर्थिंग: बिल्डरने दिलंय म्हणजे आहेच?

इमारतीच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो. बॉलकॉक बिघडला तर पाणी गच्चीभर न पसरता त्या पाइपाने खाली जातं, आणि ते पडताना दिसलं की वॉचमन पंप बंद करतो. अर्थिंग म्हणजे विजेचा ओव्हरफ्लो पाइप. गिझरच्या आतली कॉइल फुटली, फेज पाण्यात किंवा लोखंडी भांड्यात उतरला, तर त्याला जमिनीत जायला तुमच्यापेक्षा सोपी वाट असावी म्हणून ती हिरवी वायर. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते ती याच वायरची: लांब, म्हणजे ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते, जाड, म्हणजे चुकून फेजच्या भोकात शिरत नाही.

अर्थिंग आणि आरसीसीबी एकमेकांच्या बदली नाहीत. नुसता आरसीसीबी असेल आणि अर्थिंग नसेल, तर बिघडलेला गिझर विजेने भरून वाट पाहत बसतो. कोणी नळाला हात लावला की ताट कमी पडतं आणि मग आरसीसीबी पडतो. झटका बसतो, बहुधा जीव वाचतो. अर्थिंगही असेल तर बिघाड झाला त्याच क्षणी ताट कमी पडतं आणि तुम्ही आंघोळीला जायच्या आधीच लाइन तुटलेली असते. आणि नुसतं अर्थिंग असलं, तेही अशक्त, तर एमसीबी पडेल इतका प्रवाह त्यातून जातच नाही.

आमची इमारत १९८४ ची. त्या काळातल्या कितीतरी इमारतींत बाथरूमच्या पॉइंटची अर्थ वायर सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असे. पाइप जमिनीत जायचा, काम व्हायचं. पुढे पाइप गंजले, सोसायटीने सगळीकडे प्लास्टिकचे सीपीव्हीसी पाइप टाकले. प्लंबरने पाइप बदलला, वायरकडे कोण पाहणार? काकूंच्या गिझरच्या प्लगमागची पेटी उघडली तर हिरवी वायर छान बसवलेली. मागोवा घेत गेलो तर सहा फुटांवर, माळ्याच्या फळीमागे, तिचं दुसरं टोक लोखंडी पाइपाच्या वीतभर तुकड्याला गुंडाळलेलं, आणि तो तुकडा दोन्ही बाजूंनी कापून नुसताच भिंतीत चिणलेला. ओव्हरफ्लोचा पाइप होता, पण बाहेर कुठे निघतच नव्हता.

म्हणून "अर्थिंग आहे" या शब्दावर जाऊ नका. प्लगमध्ये तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून मोजून घ्या. शहरात बेस्ट असो, उपनगरात अदानी किंवा टाटा, आमच्या मुलुंडला महावितरण, वीज कोणाचीही असली तरी मीटरच्या पुढचं वायरिंग तुमच्या माथी.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की मिणमिणता दिवा लागतो, आणि "ओलाव्यामुळे असेल" म्हणून लोक चप्पल घालून आंघोळ करतात. ओलाव्याने तो फक्त जास्त जाणवतो; करंट कुठल्यातरी गळतीचा असतो, आणि चप्पल हा त्यावरचा उपाय नाही. गिझर बंद करा, प्लग काढा, माणूस बोलवा.

"आरसीसीबी सारखा पडायचा, म्हणून काढून टाकला"

हे वाक्य मी पावसाळ्यात इतक्यांदा ऐकतो की आता हसूही येत नाही. वॉचमन रात्री चोर चोर ओरडायचा, झोपमोड व्हायची, म्हणून त्याला काढला, असंच ते आहे. आरसीसीबी कारणाशिवाय क्वचितच पडतो. गिझरची जुनी कॉइल तडकलेली असते, बाल्कनीतल्या पॉइंटमध्ये पाणी गेलेलं असतं, किंवा दोन लाइन्सचे न्यूट्रल कोणीतरी एकत्र बांधलेले असतात. एकेक एमसीबी खाली पाडून पाहिलं तर कुठली लाइन दोषी ते दहा मिनिटांत कळतं.

तरी एक तक्रार रास्त आहे: एका गिझरपायी घर अंधारात जातं, फ्रिज बंद पडतो. त्यावर उपाय आरसीबीओ. एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत, एका लाइनपुरता. गिझरला एक, चटईला एक. पडला तर तेवढंच बंद. थर्मोस्टॅट इलेक्ट्रॉनिक असेल तर 'ए' टाइपचा मागा; साधा 'एसी' टाइप इलेक्ट्रॉनिक उपकरणांतली गळती नीट ओळखत नाही.

आता चटई घालूच

एवढं सगळं जागेवर असेल तरच पुढचं. चटईच्या वायरीतलं ते धातूचं कवच आठवतंय? ते अर्थिंगला जोडायचं असतं. दहा वर्षांनी कोणी लादीत ड्रिल घातलं तर ड्रिल आधी त्या कवचाला भिडतं, मग फेजला. गळती अर्थमध्ये जाते आणि आरसीबीओ पडतो. कवच नुसतं लोंबत ठेवलं तर चटईतली अर्धी अक्कल वाया गेली.

चार बाय सहाच्या बाथरूमचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर. त्यातून कमोड, बेसिनखालची जागा आणि नहाणी ट्रॅपचा भोवताल वजा करा, हाती साधारण एक चौरस मीटर उरतं. काकूंच्या जावयाने हिशेब बरोबर केला होता, हे मान्य करायला हवं. चटई उरली तर कापायची नाही. वळवण्यासाठी जाळी कापता येते, वायर कधीच नाही. वायर कापली की तिचा विरोध कमी होतो, उरलेली तार जास्त तापते आणि जळते. वायर वायरीवरून न्यायची नाही, तिथेही तेच होतं.

लादीवाल्याशी माझी खरी बोलाचाली इथे होणार हे मला ठाऊक होतं. आपल्याकडची सवय म्हणजे सिमेंट-वाळूचा दोन इंची माल पसरायचा, लादी ठेवायची, रबरी हातोडीने ठोकायची. त्यात हवेचे कप्पे राहतात. लादी वाजवून पाहिली की डबडब आवाज येतो ते हेच. साध्या लादीला फार बिघडत नाही. तापणारी वायर अशा पोकळीत सापडली तर उष्णता बाहेर टाकायला तिला काही मिळत नाही आणि ती तिथेच करपते. तिला सगळीकडून घट्ट वेढलेलं असावं लागतं, तेही लवचीक टाइल अॅडेसिव्हने, कारण रोज तापून निवणारा थर साध्या सिमेंटला चिरा पाडतो.

परदेशी व्हिडिओंत चटईवर सेल्फ-लेव्हलिंगचा पातळ लेप ओततात, तो आपोआप समपातळीत येतो. इथे तो उपयोगाचा नाही. आपल्या बाथरूमला नहाणीकडे ढाळ लागतो, आणि समपातळी ही या लेपाची खोडच. ओतलात तर कोपऱ्यात पाणी साठलंच म्हणून समजा. त्याऐवजी आधी कोब्यावरच ढाळ काढून घ्यायचा, त्यावर इन्सुलेशन बोर्ड, बोर्डावर चटई आणि चटईवर थापीच्या सपाट बाजूने अॅडेसिव्हचा थर. थापीची दातेरी बाजू वायर सोलते. तो थर वाळला की त्यावर वॉटरप्रूफिंगचा लवचीक थर, मग टाइल्स. खालचं, कोब्यातलं जुनं वॉटरप्रूफिंग आहेच. त्याला खिळा मारून चटई ठोकायची नाही, नाहीतर खालच्या मजल्यावरून, म्हणजे माझ्याच घरून, तक्रार यायची. इन्सुलेशन बोर्ड महाग वाटून गाळला तर तुमची उष्णता स्लॅबमधून माझ्या छताला मिळेल. मला चालेल, पण बिल तुमचं.

या सगळ्यात एक काम असं आहे की ते चुकलं तर बाकीचं सगळं फुकट: मोजणी. एकदा लादी बसली की खाली काय झालं ते कोणालाच दिसत नाही. १५० वॅटच्या चटईचा विरोध २३० व्होल्टला साधारण ३५३ ओहम यायला हवा. लेबलवर आकडा असतो; त्यापेक्षा पाच टक्के कमी ते दहा टक्के जास्त इतपत चालतं. मल्टिमीटर लावून हा आकडा तीनदा घ्यायचा: चटई खोक्यातून काढल्यावर, ती चिकटवून वायर झाकण्याआधी आणि टाइल्स बसल्यावर. त्याच तीन वेळी मेगरही लावायचा. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन गळतंय का ते पाहणारं यंत्र; तापणारी तार आणि कवच यांच्यामध्ये किमान एक मेगाओहम हवाच, नव्या चटईत तो कैक पट जास्त येतो. सेन्सरही मोजा, बहुतेक सेन्सर २५ अंशांना दहा किलोओहम दाखवतात. तो वायरीच्या दोन फेऱ्यांच्या मधोमध, आणि थेट मालात पुरायच्या ऐवजी छोट्या नळीत. बिघडला तर ओढून बदलता येतो, लादी फोडावी लागत नाही.

लादीवाला काम करत असताना मल्टिमीटर जोडूनच ठेवावा असं माझं मत. थापी लागली तर काटा लगेच सांगतो आणि एक लादी उचलून भागतं. दुसऱ्या दिवशी कळलं तर सगळी फरशी.

वायर झाकण्याआधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुढे कोणीतरी कमोड बदलायला येईल आणि चार स्क्रूसाठी ड्रिल काढेल. तेव्हा तो फोटो डीबीच्या दाराला आतून चिकटवलेला असला पाहिजे. आणि लादी बसली म्हणून त्याच संध्याकाळी चटई लावून पाहायची नाही. अॅडेसिव्ह आणि जोडातलं ग्राउट पुरतं सुकायला आठवडा तरी जातो, कंपनीने जास्त सांगितलं असेल तर तेवढा.

राहिलं अॅसिड. दर पंधरवड्याला अॅसिड ओतून बाथरूम घासायची आपल्याकडची पद्धत लाद्यांमधलं सिमेंट खाते. त्या भेगांतून पाणी खाली मुरतं. ज्या फरशीखाली वीज आहे तिथे अॅसिड बंद, कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवायचं.

स्वतः केलं तर? आणि बिल?

चटई अंथरणं, चिकटवणं हे चांगला लादीवाला सांगितलं तर करतो. डीबीतून नवी लाइन ओढणं, आरसीबीओ, थर्मोस्टॅटची जोडणी आणि मोजणी हे परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं काम आहे. इंग्लंडमध्येही बाथरूममध्ये नवी विजेची लाइन घ्यायची तर स्थानिक इमारत यंत्रणेला कळवावं लागतं, किंवा मान्यताप्राप्त माणसाकडून ते करून घ्यावं लागतं. गिझरच्या प्लगमधून वायर काढून चटईला देऊ का, असं काकांच्या इलेक्ट्रिशियनने विचारलं. नको. सोसायटीलाही आधी पत्र द्या, फरशी उखडताय म्हटल्यावर ते लागतंच.

बिलाची धास्ती मात्र विनाकारण आहे. १५० वॅट, दिवसाला दोन तास म्हणजे ०.३ युनिट, महिन्याला नऊ. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. चटईला तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे टायमर पहाटेचा लावायचा. आंघोळीला निघताना बटण दाबून उपयोग नाही.

सोमवारी लादीवाला आला आणि त्याला परत पाठवावं लागलं. आधी डीबीतून बाथरूमपर्यंत नवी अर्थ वायर ओढली, आरसीसीबी बदलला, गिझरला वेगळा आरसीबीओ बसवला. जुना गिझर त्या आरसीबीओवर जोडून चालू केला तर तो चार सेकंदांत पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा क्षार आणि मधोमध एक बारीक चीर. काकू ती कॉइल हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. "म्हणजे मी रोज ह्याच्या पाण्याने आंघोळ करत होते?"

चटईचा आकडा ३५१ ओहम आला. तो मी पेन्सिलीने डीबीच्या दारावर आतल्या बाजूने लिहून ठेवलाय, शेजारी तारीख, आणि खाली दुसऱ्या-तिसऱ्या मोजणीसाठी दोन ओळी मोकळ्या. लादीवाला आता पुढच्या गुरुवारी येतोय.